डोंबिवलीतल्या एका घराचा वाय-फाय पासवर्ड बदलला त्याची गोष्ट, सगळ्या तपशिलांसकट

केस डोंबिवली पूर्वेची आहे. चार मजली जुनी सोसायटी, लिफ्ट नाही, दुसऱ्या मजल्यावर माझी आत्या आणि काका राहतात. काका बँकेतून रिटायर झालेत आणि बरीच वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते, आत्या घरीच पाचवी ते सातवीच्या मुलांच्या शिकवण्या घेते, मुलगी जर्मनीत असते. तिचं ऑफिस सुटतं तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ-दहा झालेले असतात आणि नेमका तेव्हाच व्हिडिओ कॉल धड चालत नव्हता, चेहरा गोठायचा, आवाज तुटायचा, शेवटी दोघं वैतागून साध्या व्हॉट्सअॅप कॉलवर यायचे आणि नातवाला बघायचं राहूनच जायचं. दुपारी सगळं झकास, रात्रीच बोंब.

इंटरनेट कंपनीच्या माणसाला फोन केला तर त्याने सांगितलं प्लॅन वाढवा, वेग १०० एमबीपीएसचा २०० करा. काका पैसे भरायला तयारच होते, मी म्हटलं काका थांबा, आधी तुमच्या राउटरला कोण कोण जोडलंय ते तरी बघू. कारण पासवर्ड काय तर काकांचा मोबाईल नंबर, दहाच्या दहा आकडे जसेच्या तसे. कनेक्शन लावायला आलेल्या मुलाने विचारलं पासवर्ड काय ठेवू, काकांनी नंबर सांगितला, त्याने टाकला, तेव्हापासून तोच. हे आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून ही केस सविस्तर लिहितोय.

राउटरच्या आत शिरणं हीच पहिली अडचण

राउटरच्या सेटिंगचं पान उघडायला ब्राउझरमध्ये एक पत्ता टाकावा लागतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, काही कंपन्यांचा वेगळा असतो आणि तो राउटरच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. काकांनी मी पोचायच्या आधी स्वतः प्रयत्न केला होता पण त्यांच्या फोनचा कीबोर्ड मराठी, आकडेही देवनागरीत उमटत होते, त्यामुळे पान उघडायच्या ऐवजी गुगलवर भलतंच काहीतरी शोधलं जात होतं. आकडे इंग्रजी कीबोर्डवरनंच टाकायचे, एवढं सांगितल्यावर पान लगेच उघडलं. ज्यांच्या घरी आईवडील मराठी कीबोर्ड वापरतात त्यांनी फोनवरून मदत करताना हे आधी विचारावं, अर्धा तास वाचतो.

मग लॉगिन. इथे दोन वेगळे पासवर्ड आहेत हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. एक वाय-फायचा, जो फोनमध्ये टाकतो तो. दुसरा राउटरच्या या सेटिंगच्या पानाचा, त्याला अॅडमिन पासवर्ड म्हणतात. स्टिकरवर अॅडमिनचा पासवर्ड होता पण तो चालेना, म्हणजे लावणाऱ्या मुलाने कधीतरी बदलला असणार. काकांनी एक व्हिडिओ बघून ठेवला होता, मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबायची, सगळं नव्यासारखं होतं. टाचणी हातात घेऊन ते तयार होते, मी अक्षरशः हात धरला.

हे नीट समजून घ्या कारण इथेच लोक फसतात. दुकानातून स्वतः आणलेला साधा राउटर असेल तर टाचणीने रिसेट केलेलं एक वेळ चालतं. पण हल्ली फायबरच्या कनेक्शनला जो डबा भिंतीवर लावतात तो राउटर आणि मोडेम दोन्ही एकातच असतो, त्याला ओएनटी म्हणतात, त्याच्यात कंपनीने स्वतःच्या लाईनची सेटिंग भरलेली असते, बऱ्याच ठिकाणी पीपीपीओई नावाच्या पद्धतीचं युजरनेम-पासवर्ड पण आतच असतं. टाचणी मारली की काही डब्यांमध्ये हे सगळंच उडतं, आणि मग पासवर्ड बदलायचा राहिला बाजूला, घरात नेटच नाही आणि माणूस येईपर्यंत वाट बघत बसायचं. त्याऐवजी कस्टमर केअरला फोन केला. बरेच ओएनटी कंपनीला लांबूनच सेट करता येतात, त्यांनी खातेदाराचं नाव वगैरे पडताळलं आणि अॅडमिनचा पासवर्ड परत स्टिकरवरचा करून दिला. थोडा वेळ फोन धरून बसावं लागलं एवढंच.

यादीत काय निघालं

आत गेल्यावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, कुठे तिला कनेक्टेड डिव्हायसेस म्हणतात, कुठे डीएचसीपी क्लायंट लिस्ट. रात्री नऊ वाजता आम्ही ती उघडली तर १९ नावं. आता घरचं काय काय ते मोजलं: दोघांचे दोन फोन, टीव्ही, शिकवणीचा टॅब, जुना लॅपटॉप, प्रिंटर, आणि गीझरचा वाय-फायवाला स्मार्ट प्लग. सात झाले. माझा फोन धरून आठ. म्हणजे अकरा उपकरणं बाहेरची, आणि रात्री नऊला.

काका गप्प झाले. आत्या म्हणाली, "अरे पण आपण तर कुणाला दिलाच नाही पासवर्ड!"

आणि ती खरंच बोलत होती, फार कुणाला दिला नव्हता. पण सेक्रेटरीचा मोबाईल नंबर सोसायटीत कुणाकडे नसतो, नोटीस बोर्डवर सुद्धा छापलेला होता. शिवाय फोनमध्ये क्यूआर कोडची सोय आहे, अँड्रॉइड १० पासून म्हणजे २०१९ पासून ती सगळीकडे आली, एकदा तुमच्या वाय-फायला जोडलेला फोन पुढच्याला क्यूआर दाखवून सरळ जोडून देतो, पासवर्ड माहीत असायची गरजच नाही. शिकवणीतल्या एका मुलाला कधीतरी अभ्यासाचा व्हिडिओ बघायला जोडून दिलं असेल, त्याने दुसऱ्याला दाखवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि मुलं घरी गेली तरी ती त्याच बिल्डिंगमधली किंवा शेजारच्या बिल्डिंगमधली. एकाला दिला म्हणजे सगळ्यांना दिला असंच धरून चालायचं.

मग ही अकरा कोण ते शोधायला बसलो, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण घाईत पासवर्ड बदलून मोकळं झालं की कुणाचं काय बंद पडलं ते नंतर भांडणातून कळतं. नावावरनं काही कळतात, रेडमी, व्हिवो, गॅलेक्सी असं लिहिलेलं असतं. काहींचं नाव कोरं, नुसता मॅक अॅड्रेस, म्हणजे बारा आकडे-अक्षरांचा उपकरणाचा नंबर. पूर्वी त्याच्यावरनं निदान कंपनी तरी कळायची, आता अँड्रॉइड १० आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन स्वतःचा खरा नंबर लपवून बनावट नंबर देतात, तो ओळखायची खूण म्हणजे त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं. असं दिसलं की समजायचं हा बहुतेक फोन किंवा टॅब आहे. कॅमेरे, टीव्ही, प्लग असल्या वस्तू सहसा खराच नंबर देतात.

हळूहळू उलगडलं. सहा फोन शिकवणीतल्या मुलांच्या घरचे. एक स्मार्ट टीव्ही, वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाचा, त्यांच्याकडे दोन वर्षांपूर्वी लाईन बंद पडली होती तेव्हा काकांनीच "घ्या तोवर आमचं" म्हणून दिलं होतं आणि नंतर कुणालाच आठवण राहिली नाही, रोज संध्याकाळी सात ते अकरा त्यांच्याकडे सिरियल आणि मॅच याच्यावर चालत होती. एक तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताईंचा फोन. दोन शेवटपर्यंत कळलेच नाहीत. आणि एक निघाला तो बघून काकाच चकित झाले, जिन्यातला सीसीटीव्ही कॅमेरा. काका सेक्रेटरी असताना सोसायटीने तो बसवला, बसवणाऱ्याने विचारलं नेट कुठलं, काका म्हणाले आमचं घ्या. सोसायटीच्या सुरक्षेचा कॅमेरा इतकी वर्षं एका घरच्या वाय-फायवर चालत होता आणि नव्या कमिटीला त्याचा पत्ताच नाही.

मोबाईल नंबर पासवर्ड म्हणून इतका वाईट का

कुणालातरी माहीत असतो हे झालंच, पण माहीत नसला तरी तो शोधता येतो. डब्ल्यूपीए२ ही वाय-फाय सुरक्षित ठेवायची पद्धत, जी आपल्याकडे बहुतेक घरी आहे आणि २००४ सालची आहे, तिच्यात एखादा फोन राउटरला जोडताना जी देवाणघेवाण होते ती हवेतनं टिपून ठेवता येते, मग घरी निवांत बसून कॉम्प्युटरवर एकेक पासवर्ड लावून बघता येतो, राउटरला कळतही नाही. चांगल्या गेमिंग ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला दहा लाखाच्या आसपास पासवर्ड तपासून होतात. आता भारतातला मोबाईल नंबर दहा आकडी आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने, म्हणजे एकूण शक्यता झाल्या ४०० कोटी. भागाकार करा, चार हजार सेकंद, म्हणजे तास-सव्वा तासात सगळे नंबर संपतात. दहा अंकी आहे म्हणून भक्कम वाटतो पण तसं काही नाही. जन्मतारीख तर त्याहून सोपी, शंभर वर्षांच्या सगळ्या तारखा धरल्या तरी छत्तीस-सदतीस हजार होतात, त्याला सेकंदही लागत नाही.

काकांना हे पटलं पण तरी मन होत नव्हतं. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. "बदलशील रे, पण वरच्यांना काय सांगू? इतकी वर्षं वापरतायत, एकदम बंद केलं तर वाईटपणा कोण घेणार?" आणि यात मला काही चुकीचं वाटत नाही. जे लोक चाळीत वाढले, ज्यांच्या घरी एका टीव्हीसमोर सगळा मजला बसायचा, ज्यांचा फोन नंबर "पीपी" म्हणून पाच घरांनी दिलेला असायचा, त्यांना शेजाऱ्याला नेट नाही म्हणणं जिवावर येतं. म्हणून नुसतं "सिक्युरिटी सिक्युरिटी" म्हणून उपयोग नसतो, नेमकं काय होऊ शकतं ते सांगावं लागतं.

तेव्हा मी त्यांना २००८ ची आठवण करून दिली. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले त्याच्या काही मिनिटं आधी धमकीची ईमेल गेली होती, तिचा माग काढत तपास पोचला तो नवी मुंबईत सानपाड्याला, एका परदेशी माणसाच्या फ्लॅटवर. त्याचा काडीचा संबंध नव्हता, त्याचं वाय-फाय उघडं होतं आणि कुणीतरी ते वापरलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत तशाच ईमेलसाठी माटुंग्याच्या एका कॉलेजचं आणि चेंबूरच्या एका कंपनीचं वाय-फाय वापरलं गेलं. काकांना ते सगळं नीट आठवत होतं, तेव्हा ते रोज लोकलने जायचे. मी म्हटलं काका, कनेक्शन तुमच्या आधारवर आहे, बाहेर तुमच्या घरातल्या सगळ्या फोनांचा मिळून नेटवरचा एकच पत्ता (आयपी अॅड्रेस) दिसतो, ते दोन जे कळले नाहीत त्यांनी काही केलं तर बेल तुमची वाजणार. त्या दोन अनोळखी उपकरणांनी काम केलं, वरच्यांच्या टीव्हीने केलं नसतं. काका म्हणाले, बदल.

बदलायच्या आधी

लगेच बदललं नाही. रविवार सकाळ ठरवली, शिकवणी नसते, मुलीचा कॉल नसतो, आणि काही अडलं तर दिवस हातात असतो. रात्री साडेदहाला कधीही पासवर्ड बदलायला घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. एका कागदावर घरच्या सातही वस्तू लिहिल्या, प्रत्येकीसमोर तिचा पासवर्ड कुठून बदलतात ते. टीव्हीचं रिमोटवरनं, प्रिंटरचं त्याच्या छोट्या स्क्रीनवरनं, प्लगचं त्याच्या अॅपमधनं आणि ते अॅप मुलीच्या फोनवर होतं, जर्मनीत! ती लॉगिनची माहिती आधीच मागवून घेतली म्हणून बरं, नाहीतर गीझर चालू-बंद करायला परत भिंतीवरचा स्विच.

पासवर्ड काय ठेवायचा यावर आत्याशी बराच वेळ चर्चा झाली. नियम एवढाच की कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरं, आणि इंग्रजी अक्षरं-आकडे-चिन्हंच चालतात, देवनागरी नाही. लोक मग नावापुढे अॅट आणि १२३ लावतात, ते अगदी पहिल्या झटक्यात शोधलं जातं. आणि फार वेडीवाकडी चिन्हं ठेवली तर टीव्हीच्या रिमोटने टाकताना जीव जातो. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले शब्द. आत्याने कपाटातला मराठी शब्दकोश काढला, डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट ठेवायचं, त्या पानावरचा ओळखीचा शब्द घ्यायचा. उदाहरण म्हणून सांगतो, कंदील, जायफळ, गिरणी, पाटा, सशाचं बीळ असे काहीही, पण स्वतः विचार करून निवडायचे नाहीत कारण माणूस फिरून फिरून देवाची आणि मुलांची नावंच निवडतो. दोन हजार नेहमीच्या शब्दांतनं चार निवडले तर मघाच्या वेगाने सहा महिने लागतात, पाच निवडले तर हजार वर्षं. म्हणून पाच.

इथे मराठी लोकांची एक खास भानगड आहे. शब्द मराठी पण टाकायचे इंग्रजी अक्षरांत, मग गिरणी मध्ये र नंतर ए घालायचा की नाही, व ला व्ही की डब्ल्यू, आ ला एक ए की दोन. आत्याचं स्पेलिंग एक, काकांचं दुसरं, आणि तीन महिन्यांनी दोघांनाही आठवणार नाही. म्हणून पासवर्ड कागदावर इंग्रजी अक्षरांत ठळक लिहायचा, सगळी अक्षरं लहान, मध्ये जागा नाही, आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतनं चिकटवायचा. कागदावर पासवर्ड लिहू नये असं म्हणतात ते ऑफिसमध्ये ठीक आहे, घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर कागद हवाच. ज्याला कपाट उघडता येतं त्याच्यापासून वाय-फाय लपवून तसाही उपयोग नाही.

प्रत्यक्ष बदल

हे खरंच दहा मिनिटांचं काम आहे. लॅपटॉप केबलने राउटरला जोडला, कारण वाय-फायवरनं वाय-फायचा पासवर्ड बदलला की सेव्ह करताक्षणी तुम्ही स्वतःच बाहेर पडता, काम होतं पण घाबरायला होतं. डब्ल्यूलॅन नावाच्या विभागात सिक्युरिटीमध्ये प्रीशेअर्ड की असा रकाना असतो, तिथे नवीन पासवर्ड. हल्लीचे बरेच राउटर दोन वेगळ्या लहरींवर वाय-फाय देतात, म्हणून हे दोनदा करायचं, २.४ गिगाहर्ट्झसाठी वेगळं आणि ५ गिगाहर्ट्झसाठी वेगळं. बरेच लोक एकच बदलतात आणि दुसऱ्या नावाने जुना पासवर्ड तसाच चालू राहतो, मग बदलून फायदा काय. पद्धत डब्ल्यूपीए२ आणि तिच्यातला एईएस हा माहिती गुप्त करायचा प्रकार ठेवला. २०१८ ला आलेली डब्ल्यूपीए३ अधिक चांगली आहे, टिपून नेऊन घरी बसून तपासायचा जो प्रकार वर सांगितला तो तिच्यात चालत नाही, पण या राउटरमध्ये ती नव्हती. तुमच्याकडे असेल तर दोन्ही मिळून असलेला पर्याय निवडून बघा, जुना प्रिंटर अडला तर मागे या.

एक गोष्ट अगदी जपून. अप्लाय दाबलं, सगळं जोडलं गेलं, पण पानाच्या वर एक बारीक सूचना आली की बदल सेव्ह करायला कमिट करा. काही ओएनटींमध्ये अप्लाय म्हणजे तात्पुरतं असतं, कमिट नाही केलं तर लाईट गेली की राउटर परत जुन्या पासवर्डवर येतो. डोंबिवलीत लाईट जायला वेळ लागत नाही. म्हणून कमिट केलं आणि मुद्दाम राउटर बंद करून चालू करून बघितला.

तिथेच बसल्या बसल्या अजून तीन कामं उरकली. अॅडमिनचा पासवर्ड बदलला आणि तोही कागदावर लिहिला. हे महत्त्वाचं आहे, २०१६ ला मिराय नावाच्या मालवेअरने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते नुसत्या कंपनीकडून आलेल्या साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या लावून. दुसरं, डब्ल्यूपीएस बंद केलं, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिनने जोडायची सोय. त्यात आठ आकडी पिन असतो पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, त्यामुळे दहा कोटींऐवजी फक्त ११ हजार पिन लावून बघावे लागतात, हे २०११ ला उघड झालं. पाच शब्दांचा पासवर्ड ठेवून डब्ल्यूपीएस चालू ठेवलं तर सगळी मेहनत वाया. तिसरं, गेस्ट नेटवर्क. वेगळं नाव, वेगळा सोपा पासवर्ड, आणि आयसोलेशनच्या चौकटीत टिक, म्हणजे गेस्टवरचा फोन नेट वापरेल पण घरचा प्रिंटर, टीव्ही, लॅपटॉप त्याला दिसणार नाही. शिकवणीच्या मुलांना, पाहुण्यांना, एसीवाल्याला द्यायचा तो हा.

नंतर वस्तू जोडायला मात्र दुपार झाली. फोन सोपे, जुनं नेटवर्क विसरायला लावायचं आणि नवीन पासवर्ड टाकायचा. टीव्हीवर रिमोटने पाच शब्द टाकायला काकांनी स्वतः हट्टाने वेळ घेतला आणि जमवलं. प्लगला मात्र ५ गिगाहर्ट्झ चालतच नाही, या स्वस्त प्लगांत फक्त २.४ ची सोय असते, फोन ५ वर असला की काही अॅपना प्लग सापडत नाही, फोन २.४ च्या नावावर नेला आणि लगेच सापडला. प्रिंटर राहिला तो राहिलाच, तो केबलनेच चालवायचा ठरलं, महिन्यातनं दोनदा लागतो.

माणसांचं काय झालं

वरच्या मजल्यावर आत्या स्वतः गेली, पासवर्ड बदलायच्या आदल्या संध्याकाळी. आधी सांगितलं हे फार बरं झालं. तिने सरळ सांगितलं की आमच्याकडे अनोळखी फोन जोडलेले निघाले म्हणून बदलतोय, तुमच्या मुलाची परीक्षा होईपर्यंत गेस्टचा वापरा, तोवर तुमचं बघून घ्या. वहिनी म्हणाल्या अहो आम्हाला वाटलं आमचंच चालू झालंय परत! त्यांचा टीव्ही दोन वर्षं कुणाच्या नेटवर चालतोय हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं. त्यांनी नंतर स्वतःचं घेतलं. शिवणकाम करणाऱ्या ताईंना गेस्टचा पासवर्ड कायमचाच दिला, त्या आत्याचे ब्लाऊज शिवतात आणि त्यांचा वापर म्हणजे डिझाईनचे फोटो बघणं. काकांना हवं होतं तसं झालं, द्यायचं त्याला दिलं, पण कुणाला दिलंय ते आता माहीत आहे.

कॅमेऱ्याचं प्रकरण लांबलं. पासवर्ड बदलल्याक्षणी तो बंद पडणार हे माहीत होतं म्हणून आधी नव्या सेक्रेटरींना कळवलं होतं, त्यांनी "हो हो" म्हटलं आणि विसरले. कॅमेरा गेस्टवर घ्यायचा तर त्याच्या अॅपचं लॉगिन लागतं, ते बसवणाऱ्याकडे, तो आता कल्याणला गेलेला. शेवटी तो मिळाला, कॅमेरा काही दिवसांसाठी गेस्टवर घेतला, आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये ठरलं की सोसायटीने स्वतःचं छोटं कनेक्शन घ्यायचं. माझ्या मते हे खूप आधी व्हायला हवं होतं. जिन्यात कोण आलं गेलं याचं रेकॉर्डिंग एका सभासदाच्या घरच्या नेटवर अवलंबून ठेवणं त्या सभासदावरही अन्याय आहे.

आणि मुलीचा कॉल? सुधारला, त्याच रविवारी रात्री फरक दिसला, पण पूर्ण नाही. उरलेला त्रास वेगळाच होता, राउटर टीव्हीच्या लाकडी कपाटात बंद होता आणि आत्या कॉल करायची स्वयंपाकघरातनं, मध्ये दोन भिंती आणि फ्रिज. शिवाय २.४ वर आजूबाजूच्या बिल्डिंगींची इतकी नेटवर्क की एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे वाय-फायच्या वाटा, तीनच, १, ६ आणि ११, आणि तिन्ही गच्च भरलेले. राउटर कपाटातनं काढून पॅसेजमध्ये उंचावर लावला, आत्याचा टॅब ५ वर नेला, मग कॉल सलग चालायला लागला. पासवर्ड बदलून सगळंच सुटेल असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही, पण प्लॅन वाढवायची गरज पडली नाही, तो १०० चाच आहे.

आता यादी दर महिन्याला काका उघडून बघतात, वीजबिल भरायच्या दिवशी, आणि कागदावरच्या नावांशी ताडून बघतात. ते दोन अनोळखी परत आलेले नाहीत. गेस्टचा पासवर्ड दर जूनला, शिकवणीची नवी बॅच सुरू होताना बदलायचा ठरलंय, या जूनला तो आत्याने स्वतः बदलला, कमिट सकट.